पाकिस्तानी मुलांना परदेशी स्कॉलरशिप शोधून द्यायची असेल तर

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाच्या फोनमध्ये एखादं तरी पाकिस्तानी नाव असतंच. लॅबमधला सहकारी, वरच्या मजल्यावरचं कुटुंब, मुलांच्या शाळेच्या दारात रोज भेटणारी आई. हिंदी-उर्दूत गप्पा छान जमतात, ओळख वाढते आणि मग एक दिवस विचारणा होते: धाकटा भाऊ लाहोरला बीएस (चार वर्षांची पदवी) करतोय, बहिणीचं शिक्षण संपत आलंय, बाहेर शिकायला स्कॉलरशिप कशी मिळेल, बाजी (म्हणजे ताई), तुम्हीच काही सांगा. अशी विचारणा झालेल्यांसाठी हे लिहिते आहे.

मी जर्मनीतल्या एका विद्यापीठात मास्टर्सच्या अर्जांची छाननी करते. पाकिस्तानातून आलेल्या फायली दरवर्षी माझ्या टेबलावर असतात, आणि कामाचे तास संपले की त्याच देशातल्या मुलांचे मेसेज फोनवर असतात. त्यामुळे अर्ज भरताना कुठे अडतं आणि तपासताना कुठे खटकतं, हे दोन्ही मला दिसतं. मुलं हुशार आहेत, कष्टाळू आहेत. पण त्यांचा रुपया इतका घसरलाय की घरच्या पैशांवर बाहेर शिकणं बहुतेकांना शक्यच नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही हे खरं, तरी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधी दाखवावे लागतात. म्हणजे साधारण पस्तीस-चाळीस लाख पाकिस्तानी रुपयांच्या घरातली रक्कम. फैसलाबादच्या किंवा सक्करच्या नोकरदार बापाने ती आणायची कुठून? म्हणून त्यांच्यासाठी स्कॉलरशिप मिळाली तरच जाणं होतं.

आणखी एक सांगायला हवं. आपण सल्ला देतो तो भारतातल्या अनुभवावरून, आणि तो तिथे लागू पडत नाही. भारतातल्या मुलांना जर्मनीसाठी एपीएस या शैक्षणिक कागद तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. पाकिस्तानी मुलांना ते लागत नाही, त्यांना एचईसी या पाकिस्तानी सरकारी संस्थेचं अटेस्टेशन, म्हणजे कागद खरे असल्याचा शिक्का, लागतो. भारतात फुलब्राइट या अमेरिकन सरकारच्या स्कॉलरशिपचं काम एक संस्था बघते, पाकिस्तानात दुसरीच, आणि तिचे नियमही वेगळे. तेव्हा आपल्या भाच्याने काय केलं होतं ते बाजूला ठेवून सुरुवात करा.

यादी नंतर, आधी दार

मदत मागणारा मुलगा बहुतेक वेळा स्कॉलरशिपची लांबलचक यादी घेऊनच येतो. कुठल्या तरी व्हिडिओत पाहिलेली: पूर्ण फी, विमानाचं तिकीट, दरमहा पैसे. यादीतली नावं खरी असतात, पण त्या यादीत एक गोष्ट लिहिलेली नसते. अर्ज नेमका कुणाच्या हातात द्यायचा? माझ्या पाहण्यात चांगली मुलं मार्कांमुळे कमी आणि चुकीच्या दाराशी उभी राहिल्यामुळे जास्त गळतात. म्हणून प्रत्येक नावासमोर पहिल्यांदा दार लिहायला सांगते. मुख्य दारं तीन आहेत: पाकिस्तान सरकारचं, पैसे देणाऱ्या देशाचं आणि थेट विद्यापीठाचं.

पाकिस्तान सरकारचं दार म्हणजे हायर एज्युकेशन कमिशन, सगळे एचईसी म्हणतात. 2002 मध्ये स्थापन झालेली ही संस्था इस्लामाबादला आहे, आणि लाहोर, कराची, पेशावर, क्वेटा इथे तिची प्रादेशिक कार्यालयं आहेत. बऱ्याच देशांच्या सरकारी स्कॉलरशिपसाठी उमेदवारांची नावं एचईसी सुचवते, आणि तिने नाव सुचवलं नाही तर पुढे काहीच होत नाही. हंगेरीची स्टिपेंडियम हंगेरिकम हे याचं ठळक उदाहरण. तिथे अर्ज दोन करायचे असतात. एक हंगेरीच्या पोर्टलवर, दुसरा एचईसीच्या पोर्टलवर, आणि एचईसीची चाचणीही द्यायची असते. मुलगा हंगेरीच्या पोर्टलवर सगळं भरतो, अर्ज पोचल्याचा मेल येतो, आणि तो निर्धास्त होतो. एचईसीचा अर्ज राहून गेला हे महिन्याभराने कळतं, तेव्हा मुदत टळून गेलेली असते. अशी मुलं दरवर्षी भेटतात आणि दरवर्षी वाईट वाटतं, कारण त्यांच्या फायलीत कमी काहीच नसतं.

ब्रिटनच्या कॉमनवेल्थ स्कॉलरशिपमध्ये तर एकाच नावाखाली दोन दारं आहेत. कॉमनवेल्थ मास्टर्स आणि पीएचडीसाठी पाकिस्तानातून नामांकन करणारी संस्था एचईसी आहे. पण कॉमनवेल्थ शेअर्ड स्कॉलरशिप हा वेगळा प्रकार आहे. तिथे ब्रिटनमधल्या सहभागी विद्यापीठात प्रवेशाचा अर्ज करायचा, स्कॉलरशिपचा अर्ज कॉमनवेल्थच्या पोर्टलवर भरायचा, आणि उमेदवार विद्यापीठ निवडतं. चीनचंही तसंच. चिनी सरकारच्या स्कॉलरशिपची एक वाट, तिला टाइप ए म्हणतात, दूतावास आणि एचईसीमार्फत जाते, तर टाइप बी थेट चिनी विद्यापीठाकडे. जपान सरकारच्या मेक्स्ट स्कॉलरशिपलाही दूतावासाची शिफारस आणि विद्यापीठाची शिफारस अशा दोन वाटा आहेत, कोरिया सरकारच्या जीकेएस स्कॉलरशिपलाही. "मी चीनसाठी अर्ज केलाय" असं कुणी म्हणालं की लगेच विचारा, कुठल्या वाटेने. उत्तर आलं नाही तर तिथेच थांबून शोधून काढा.

दुसऱ्या दारात पाकिस्तान सरकार मध्ये येत नाही. फुलब्राइटचं काम इस्लामाबादची युनायटेड स्टेट्स एज्युकेशनल फाउंडेशन इन पाकिस्तान ही संस्था बघते, ती 1950 पासून आहे. मास्टर्स आणि पीएचडीसाठी ही स्कॉलरशिप आहे, जीआरई ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि डॉक्टरांनी लक्षात ठेवायचं म्हणजे क्लिनिकल मेडिसिनसाठी ती मिळत नाही. चेव्हनिंग ब्रिटिश सरकारची, एक वर्षाच्या मास्टर्ससाठी. तिला 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो. हा आकडा बघून मुली विशेषतः मागे हटतात, कारण पदवीनंतर सलग नोकरी केलेली नसते. त्यांना बसवून हिशेब करायला लावा. अर्धवेळ काम, इंटर्नशिप, स्वयंसेवी संस्थेतलं शिकवणं, हे सगळं या तासांत धरता येतं. तुर्कस्तानची स्कॉलरशिप तुर्की सरकारच्या पोर्टलवरून. तिच्यात तुर्की भाषा शिकवण्याचं एक वर्ष धरलेलं असतं आणि वयाची अट कडक आहे: पदवीसाठी 21 च्या आत, मास्टर्ससाठी 30 च्या आत, पीएचडीसाठी 35 च्या आत.

तिसरं दार मला सगळ्यात जवळचं, कारण ते माझ्यासारख्यांच्या टेबलावर उघडतं. इरास्मस मुंडस घ्या. युरोपातली काही विद्यापीठं मिळून एक मास्टर्स चालवतात, मुलगा किमान दोन देशांत शिकतो, आणि स्कॉलरशिप मिळाली तर दरमहा 1,400 युरो मिळतात. अर्ज त्या त्या अभ्यासक्रमाच्या संकेतस्थळावर, थेट. दूतावासाची चिठ्ठी नको, एचईसीचं नामांकन नको. गेल्या काही वर्षांत ही स्कॉलरशिप सर्वाधिक मिळवणाऱ्या देशांमध्ये पाकिस्तान सतत आहे, आणि ते उगीच नाही. लहान गावातल्या, कुणाची ओळख नसलेल्या मुलालाही इथे बरोबरीने उभं राहता येतं. अभ्यासक्रमांची अधिकृत यादी युरोपीय आयोगाच्या कॅटलॉगमध्ये असते. ती विषयानुसार चाळायला सांगा आणि तीन-चार खरोखर जुळणारे अभ्यासक्रम निवडायला लावा. दहा ठिकाणी एकच पत्र पाठवणाऱ्याचं काही होत नाही.

डाड या जर्मन स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थेची ईपॉस नावाची योजना याच दारातली आहे, तरी लोक डाडच्या कार्यालयात चौकशी करत बसतात. ईपॉसमध्ये पाणी, शेती, शहर नियोजन, सार्वजनिक आरोग्य, अर्थशास्त्र अशा विकासाशी जोडलेल्या विषयांचे निवडक अभ्यासक्रम आहेत. अर्ज सहसा थेट त्या अभ्यासक्रमाकडे जातो आणि प्रत्येकाची मुदत वेगळी असते. पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा, आणि शेवटची पदवी साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी नको. मास्टर्सला दरमहा 992 युरो मिळतात. शिक्षण थांबवून नोकरी करणाऱ्या, चार वर्षं गेली म्हणून हताश झालेल्या मुलांना मी ही योजना पहिल्यांदा सांगते. त्यांनी वाया गेली म्हणून धरलेली वर्षंच इथे पात्रता ठरतात.

सौदीतलं काउस्ट हे विज्ञान-अभियांत्रिकीचं विद्यापीठही याच दारात मोडतं. मास्टर्स-पीएचडीला प्रवेश मिळाला की फेलोशिप मिळते. घरून युरोप-अमेरिकेला नाही म्हणणारे आईवडील तिकडे पाठवायला कधीकधी तयार होतात, त्यामुळे मुलींच्या बाबतीत हे नाव जरूर सुचवा. आगा खान फाउंडेशनची योजना या तीन दारांच्या बाहेरची आहे: मदत साधारण निम्मी अनुदान आणि निम्मी कर्ज अशी असते. कर्ज हा शब्द मुलाला आणि घरच्यांना आधीच स्पष्ट सांगा.

कागद

मला जर एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती: कागदांचं काम स्कॉलरशिप ठरण्याआधी सुरू करा.

पाकिस्तानात दहावीला मॅट्रिक म्हणतात, बारावीला इंटर, विज्ञान शाखा असेल तर एफएससी. या दोन्हींचं अटेस्टेशन आयबीसीसी नावाची संस्था करते, पण त्याआधी ज्या बोर्डाची परीक्षा दिली त्या बोर्डाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. ओ लेव्हल, ए लेव्हल केलेल्यांना आयबीसीसीकडून समकक्षतेचं प्रमाणपत्र लागतं. पदवीचं अटेस्टेशन एचईसीकडे, आणि तिथेही आधी विद्यापीठातल्या नेमलेल्या माणसाने पोर्टलवर पडताळणी करायची असते. नंतर गरजेप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. ही साखळी आहे. एक कडी अडली की पुढचं सगळं थांबतं, आणि अडते ती बहुतेक वेळा पहिलीच, कारण बोर्ड मुलाच्या जिल्ह्याचं, मुलगा दुसऱ्या शहरात, आणि खिडकी दुपारी बंद होते.

आता नावाचा प्रश्न. माझ्याकडे आलेली एक फाइल सांगते. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर मुहम्मदचं स्पेलिंग यू घालून, पदवीवर ओ घालून, आणि पासपोर्टवर फक्त एमडी. वडिलांचं नाव एका कागदावर आडनावाच्या जागी आलेलं, दुसऱ्यावर नाही. माणूस एकच आहे हे मला कळतं, पण माझ्या संगणकाला नाही, आणि व्हिसा अधिकाऱ्याला तर संशयच घ्यायचा असतो. अनेक पाकिस्तानी घरांत आडनाव लावतच नाहीत, त्यामुळे "आडनाव" या रकान्यात काय लिहायचं हा रोजचा पेच आहे. त्यावर एकच नियम पाळायला सांगा: पासपोर्टवर जसं आहे तसंच प्रत्येक फॉर्मवर. कागदांत फरक असेल तर दुरुस्ती बोर्डाकडून किंवा नाद्रा या ओळखपत्र देणाऱ्या सरकारी संस्थेकडून करून घ्यायची, आणि त्याला महिने लागतात. म्हणून मदतीच्या पहिल्याच दिवशी मॅट्रिक, इंटर, पदवी, ओळखपत्र आणि पासपोर्ट यांचे फोटो मागवा आणि पाचही नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

शेवटच्या सेमिस्टरच्या मुलाकडे पदवी नसतेच. तिथली विद्यापीठं अशा वेळी होप सर्टिफिकेट देतात, म्हणजे मुलगा अमुक महिन्यात पास होणं अपेक्षित आहे असं पत्र. अनेक स्कॉलरशिप ते अर्जापुरतं चालवून घेतात, काही घेत नाहीत. अर्ज भरण्याआधी अभ्यासक्रमाला एक साधा मेल करून विचारून घ्यावं, आणि आलेलं उत्तर जपून ठेवून अर्जाला जोडावं. मेल सरळ लिहिला असेल तर आमच्यासारखी माणसं उत्तर देतात.

दोन वर्षांचं जुनं बीए-बीएससी केलेल्यांची अडचण मोठी आहे. त्यांची शिक्षणाची वर्षं भरतात चौदा आणि बहुतेक मास्टर्सना सोळा लागतात. त्यावर तिथलं दोन वर्षांचं एमए-एमएससी झालं असेल तर सोळा पूर्ण होतात. फुलब्राइट मास्टर्ससाठीही सोळाच मोजतात. हे न सांगता अर्ज करू दिला तर मुलाचे महिने फुकट जातात.

मार्क

सीजीपीए 3.2 आहे, जर्मनीत चालेल का? हा प्रश्न मला आठवड्याला येतो, म्हणून हिशेबच मांडते. जर्मनीत 1.0 सर्वांत चांगलं आणि 4.0 म्हणजे काठावर पास. रूपांतराला बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुण यांनी भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. कमाल 4.0, उत्तीर्ण 2.0, मिळालेले 3.2. म्हणजे 0.8 भागिले 2.0, बरोबर 0.4. तीनने गुणून 1.2, एक मिळवून 2.2. अनेक अभ्यासक्रमांची सीमा 2.5 च्या आसपास असते, त्यामुळे 3.2 वाला मुलगा आत बसतो. 2.9 वाल्याचं उत्तर 2.65 येतं, आणि त्याने अभ्यासक्रम जपून निवडायला हवा.

टक्केवारीच्या जुन्या पद्धतीतल्या मुलांवर मात्र अन्याय होतो. तिथे साठ-पासष्ट टक्के म्हणजे फर्स्ट डिव्हिजन, पण कागदावर ते मध्यम दिसतं. अशा वेळी विद्यापीठाकडून वर्गातला क्रमांक दाखवणारं पत्र घ्यायला सांगा. दीडशे मुलांत चौथा आला असेल तर ते मला कळायला हवं, आणि त्या पत्राशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही. गुणपत्रिकेच्या मागे छापलेली ग्रेडची पद्धतही स्कॅन करावी. ती बाजू अर्ध्याहून अधिक मुलं पाठवतच नाहीत.

पत्र

फैसलाबादच्या एका मुलीचं मोटिव्हेशन लेटर मी दोनदा वाचलं, आधी आणि नंतर. पहिल्या मसुद्यात होतं: लहानपणापासून पर्यावरणाची आवड, जर्मनीचं शिक्षण जगात उत्तम, मला माझ्या देशाची सेवा करायची आहे. या तिन्ही वाक्यांत ती कुठेच नव्हती. फोनवर मी तिला एवढंच विचारलं, की सकाळी कामावर गेल्यावर तू पहिल्यांदा काय करतेस. ती म्हणाली, कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या मागे जाते, सांडपाण्याच्या तोंडाशी बाटली भरते, रंग कुठला आहे ते वहीत लिहिते आणि नमुना चाचणीला पाठवते. वीज महाग, म्हणून शुद्धीकरणाचं यंत्र रात्री बंद असतं, आणि सकाळच्या नमुन्यात ते दिसतं. पुढे ते पाणी पहाडंग नाल्याला मिळतं आणि नाल्याच्या कडेला लोक भाजी पिकवतात. मी म्हटलं, हेच लिही. दुसऱ्या मसुद्यात तिने हेच लिहिलं, आणि शेवटी एक प्रश्न मांडला: कमी विजेवर चालणारं शुद्धीकरण मध्यम आकाराच्या कारखान्याला परवडेल असं करता येईल का, आणि त्यासाठी या अभ्यासक्रमातले कोणते दोन विषय तिला हवे आहेत. छाननी करणाऱ्याला शोधायचा असतो तो हाच माणूस, ज्याच्याकडे प्रश्न आहे.

तेव्हा मुलाचं पत्र तुम्ही स्वतः लिहून देऊ नका. त्याला बोलतं करा. काम काय करतोस, कुठे अडतं, कुणाला त्रास होतो, हे विचारा, उत्तरं उर्दूत येऊ द्या, आणि मग त्यालाच इंग्रजीत लिहायला सांगा. इंग्रजी थोडं ओबडधोबड राहिलं तरी चालतं. तयार साच्यातली पत्रं आम्ही पहिल्या परिच्छेदात ओळखतो. चेव्हनिंगला तर चार वेगवेगळे निबंध असतात: नेतृत्व, माणसं जोडणं, ब्रिटनमध्ये काय शिकायचंय आणि पुढे काय करायचंय. चारही निबंधांत एकच गोष्ट फिरवून सांगणारे पहिल्या चाळणीतच गळतात.

शिफारसपत्रांबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. तिथले बरेच प्राध्यापक रोजच्या वापराला जीमेल ठेवतात. पोर्टलवर शिफारस देणाऱ्याचा पत्ता जीमेलचा दिसला की काही ठिकाणी तो थेट नाकारला जातो, काही ठिकाणी शंका येते. मुलाने सरांना अदबीने सांगून विद्यापीठाचा पत्ता वापरायला लावावा, आणि पोर्टलचा मेल येईल तेव्हा स्पॅमही बघायला सांगावं. आणि "तूच लिहून आण, मी सही करतो" असं सर म्हणाले, तर मुलाने निदान आपण केलेल्या प्रकल्पाचे मुद्दे एका पानावर लिहून द्यावेत आणि पत्र त्यांच्याच हातून होऊ द्यावं. दोन शिफारसपत्रं आणि मोटिव्हेशन लेटर एकाच हाताची वाटली तर तिन्हींची किंमत जाते.

बारावीनंतर जायचं असेल तर

मास्टर्सपेक्षा इथे पर्याय कमी आहेत. तुर्कस्तान, हंगेरी, चीन, जपान आणि कोरियाच्या सरकारी स्कॉलरशिप पदवीसाठीही आहेत. अमेरिकेत सरकारी पैसा पदवीला फारसा मिळत नाही, पण विद्यापीठांचा स्वतःचा मिळतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी विद्यापीठं परदेशी मुलाला प्रवेश देताना त्याच्या घरची ऐपत बघत नाहीत, आणि प्रवेश दिला तर लागेल तेवढी मदत देतात. प्रवेश मिळणं अतिशय अवघड आहे, हे मुलाला खरं खरं सांगावं. मार्गदर्शन मात्र फुकट मिळतं: एज्युकेशन यूएसए या अमेरिकन सरकारच्या सल्लासेवेची केंद्रं इस्लामाबाद, लाहोर आणि कराचीला आहेत. अर्जाची फी परवडत नसेल तर ती माफ करून घेता येते, तसं विचारण्यात कमीपणा काही नाही.

वर्षाचं वेळापत्रक

ऑगस्टमध्ये चेव्हनिंग उघडते आणि शरदात बंद होते. कॉमनवेल्थचं नामांकनही साधारण त्याच सुमारास. ईपॉसच्या बऱ्याच अभ्यासक्रमांची मुदत उन्हाळा संपता संपता ते शरदात. इरास्मस मुंडस ऑक्टोबर ते जानेवारी. हंगेरी जानेवारीच्या मध्यावर. तुर्कस्तान बहुतेक वर्षी 10 जानेवारी ते 20 फेब्रुवारी. चीन डिसेंबर ते मार्च. कोरियाची मास्टर्स-पीएचडीची फेरी फेब्रुवारी-मार्चमध्ये, जपानची दूतावासाची वाट त्यानंतर वसंतात. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, अधिकृत पानावरच बघायच्या. पण यावरून एवढं दिसतं की आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टच्या आत हातात हवा, आणि कागदांची साखळी त्याही आधी सुरू व्हायला हवी. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळे एका परीक्षेवर दोन हंगाम निघतात. फी मोठी असते, म्हणून सरावाशिवाय बसू देऊ नका. काही ठिकाणी पदवीचं माध्यम इंग्रजी होतं असं विद्यापीठाचं पत्र पुरतं. चेव्हनिंगसाठीच्या अर्जात इंग्रजीचा निकाल मागत नाहीत, पण ब्रिटनमधलं विद्यापीठ मागतं.

पैसे मागणारे

चेव्हनिंग, फुलब्राइट, इरास्मस मुंडस, तुर्कस्तान, हंगेरी: यांच्यापैकी कुणीही अर्जाला पैसे घेत नाही. एचईसीच्या चाचणीला फी असते, काही चिनी विद्यापीठं अर्जाची फी घेतात, अटेस्टेशनला ठरलेले पैसे लागतात. याव्यतिरिक्त कुणी स्कॉलरशिपची हमी देऊन रक्कम मागत असेल तर ती फसवणूक आहे. चिनी प्राध्यापकाचं स्वीकृतिपत्र, म्हणजे या मुलाला मी विद्यार्थी म्हणून घेतो असं पत्र, विकत देणारे दलाल आहेत. मुलांनी अशा पत्रांसाठी आईचे दागिने मोडलेले मला माहीत आहेत. पत्र खोटं निघालं की अर्ज तर जातोच, पण मुलाचं नाव कायमचं डागाळतं. प्राध्यापकाला स्वतः मेल करायचा, त्याचा एखादा शोधनिबंध वाचून दोन ओळी त्यावर लिहायच्या. याला खर्च शून्य.

होकार आल्यावर

सही करण्याआधी परत येण्याची अट वाचायला लावा. चेव्हनिंगवाल्याला दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. फुलब्राइटवाल्याला जितकी वर्षं स्कॉलरशिप घेतली तितकी पाकिस्तानात काम करण्याचा बाँड असतो, शिवाय अमेरिकेच्या जे-1 व्हिसाची दोन वर्षांची अट वेगळी. घरच्यांना हे माहीत असलं पाहिजे, विशेषतः लग्नाची बोलणी चालू असतील तेव्हा.

व्हिसाच्या अपॉइंटमेंटची रांग लांब असते, म्हणून होकाराचं पत्र आल्याच्या दिवशीच नोंदणी करायची, उरलेले कागद येतील तसे जमवायचे. स्कॉलरशिपसाठी वेगळी रांग आहे का, हे दूतावासाच्या पानावर बघून घ्यावं. ब्रिटनला सहा महिन्यांपेक्षा जास्त जाणाऱ्याला क्षयरोगाची तपासणी ठरलेल्या दवाखान्यातच करावी लागते. पाकिस्तानातून निघणाऱ्याला पोलिओच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं, आणि लस प्रवासाच्या किमान चार आठवडे आधी घेतलेली असावी लागते. पहिला हप्ता बँकेत पडायला बऱ्याचदा महिना-दीड महिना जातो. तेवढ्या दिवसांचं भाडं आणि डिपॉझिट कुठून येणार हे निघण्याआधी ठरवा, आणि तुमच्याच शहरात येणार असेल तर पहिले काही दिवस घरी ठेवून घ्या.